निळ्या खुर्च्यांचा वाद

१२ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक उ. आ.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या बायकोचा खोकला गेला हे वाचून आईला बरं वाटलं. कशानं गेला ते तू लिहिलं नाहीस, त्यामुळे आपण कळवलेल्या मिठाच्या गुळण्यांनीच गेला असं तिनं ठरवून टाकलं आहे आणि गल्लीभर सांगितलंही आहे.

आता कामाचं. गेल्या शनिवारी इथल्या मैदानात मांडव पडला, बँड वाजला आणि तुमच्या संस्थेनं पाठवलेल्या तीनशे चाकाच्या खुर्च्या फुकट वाटल्या गेल्या. निळ्याशार, चकचकीत, घडी होणाऱ्या. पाठीवर संस्थेचं नाव एवढं मोठं, की बसलेला माणूस मागून जाहिरातीच्या पाटीसारखा दिसतो. मी एक उलटी करून पाहिली. पुढची चाकं बशीएवढी. दवाखान्याच्या फरशीवर लोण्यासारखी चालतील. पण आपल्या गल्लीत खडी आहे, उघडं गटार आहे, दर चौथ्या घराला दोन पायऱ्या आहेत, हे तुला मी सांगायचं? शिवाय सगळ्या एकाच मापाच्या. सात वर्षांच्या मुलीला तीच आणि पहिलवानासारख्या ट्रकवाल्यालाही तीच.

सोमवारी एका दिवसात अकरा जणांनी माझ्या कारखान्यात नोंदवलेली खुर्ची नको म्हणून कळवलं. त्यांना मी दोष देत नाही. फुकट मिळतंय तर कोण सोडेल? पण कारखान्यात आम्ही सहाजण आहोत, त्यातले तिघे स्वतःच खुर्चीवर. आमच्या वेल्डरनं त्या दिवशी सगळी हत्यारं पुसून ठेवली, मग परत काढली आणि परत पुसली. मी ओरडले, तर म्हणाला की हात रिकामे राहिले की त्याचे पाय दुखतात. आणि त्याला गुडघ्याखाली पाय नाहीत.

तुला हे ठाऊक होतं का? तू त्याच ऑफिसात बसतोस म्हणून विचारते. सायकलची जुनी चाकं लावून आपण बाबांची खुर्ची केली, तेव्हा तू अकराचा होतास. ती न्हाणीघराच्या दारातून जाईल का, हे पहिल्यांदा तूच विचारलं होतंस. मला सुचलं नव्हतं.

मी इथल्या दैनिकाला पत्र लिहिलं आहे. कात्रण सोबत. मथळा माझा नाही. मी ‘आधी विचारा’ असं साधं लिहिलं होतं, संपादकांनी ‘भीक नको, पण कुत्रं आवर’ केलं. हे सगळं फोनवर बोलले असते, पण फोनवर तू गप्प बसतोस आणि मी ओरडते. कागदावर आपण दोघंही त्यातल्या त्यात शहाणे.

राग आला तर कळव. लोभ आहेच, तो कमी करायला सध्या मला सवड नाही.

तुझी,
ताई


२७ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. कात्रण मात्र त्याच्या आठ दिवस आधीच माझ्या टेबलावर येऊन पडलं होतं. भाषांतर होऊन ते इथल्या सगळ्यात मोठ्या वर्तमानपत्रात छापून आलंय, तुझ्या कारखान्याच्या फोटोसकट. फोटोत तू नेहमीसारखी कॅमेऱ्यावर खेकसताना दिसतेस.

ताई, परदेशी मदत बंद करा म्हणणारे इथे पैशाला पासरी आहेत. त्यांच्यातल्या एका खासदारानं तुझं पत्र भर सभागृहात वाचून दाखवलं. बघा, गरीब माणसंच म्हणतायत की पाठवू नका, मग आपण कशाला पाठवतो, असं तो म्हणाला आणि बाकं वाजली. त्याला खुर्चीच्या चाकाशी काही देणंघेणं नाही. ज्या यादीवर त्याला कात्री चालवायची आहे, तिच्यात लसी आहेत, बाळंतिणींचे दवाखाने आहेत, शाळेतल्या पोरांचं दुपारचं जेवण आहे. तुझं म्हणणं खरं असेलही, पण ते कुणाच्या हातात पडलं ते बघ.

म्हणून मी उत्तर लिहिलं. परवा छापून आलं, माझ्या नावानिशी. काहीच नसण्यापेक्षा साधी खुर्ची बरी, आणि आज खाटेवर पडलेल्या माणसाला उद्याच्या उत्तम खुर्चीचा काय उपयोग, असा माझा मुद्दा आहे. तुझ्याकडे नंबर लागायला किती महिने जातात ते मी लिहिलं नाही. लिहू शकलो असतो, एवढं ध्यानात असू दे.

मला ठाऊक होतं का, असं तू विचारलंस. खरेदीचं काम आमच्याकडे वेगळं खातं बघतं.

इथे थंडी मरणाची आहे. सकाळी मोजे घालायचे की परत झोपायचं, हा रोजचा वाद मी हरतो. बायको बरी आहे. गुळण्यांबद्दल आईचे आभार मानायला तिनं सांगितलं आहे; गोळ्यांचा उल्लेख करू नको असंही सांगितलं आहे.

आईला नमस्कार. माझ्यावरची माया लेख वाचण्याआधी होती तेवढीच ठेवावी, ही विनंती.

तुझा,
धाकटा


१० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तीस वर्षं टेलिफोनच्या खोलीत बसून मी लोकांची भांडणं जोडून दिली, पण माझ्याच पोटच्या दोघांचं भांडण पेपरात वाचायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. तुझा लेख इथेही छापून आला. न्हाव्याच्या दुकानात दोन तट पडलेत. दाढी करून घेणारे तुझ्या बाजूचे, कारण वस्तरा गळ्यावर असतो आणि न्हावी तुझ्या बाजूचा आहे. बाकावर बसून राहणारे सगळे मोठीच्या बाजूचे. मला येताजाता विचारतात की आई कुणाच्या बाजूची. मी म्हणते, मी भाजी आणायला आले आहे.

तुझे मुद्दे तुझ्यापाशी. मला एकच वाक्य खटकलं, ते सांगते. तू लिहिलंस की मदत पोचेपर्यंत ही माणसं जमिनीवर सरपटत असतात. कोण रे सरपटत होतं? तुझे बाबा छपरावरून पडले त्या दिवसापासून ते गेले त्या दिवसापर्यंत एकदाही जमिनीवरून सरपटले नाहीत. आधी मी उचललं, मग मोठीनं, मग तुम्ही केलेल्या खुर्चीनं. हे तुला ठाऊक आहे, आणि तरी तू परक्या लोकांना वाचायला तसं लिहिलंस. मोठीनं तो लेख वाचून घडी करून ठेवला आणि दिवसभर कारखान्यात कुणावर ओरडली नाही. तिचं न ओरडणं म्हणजे काय ते तू जाणतोस.

आता दुसरी बाजू, जी ती तुला कळवणार नाही. पलीकडच्या गल्लीतल्या शाळेच्या बाई, ज्यांनी तुम्हा दोघांना पाढे शिकवले, त्यांचं कंबरेखालचं अंग लुळं पडल्याला दीड वर्ष झालं. मोठीच्या यादीत त्यांचं नाव चौदा महिने होतं. त्यांना निळी खुर्ची मिळाली आणि त्या दिवशी दीड वर्षांनी त्या ओसरीवर आल्या. मोठी भेटायला गेली तेव्हा बाईंनी तोंडावर सांगितलं की तुझी खुर्ची चांगली आहे, पण ती येणार होती, ही आली.

दोघांनीही दोन घोट पाणी प्या आणि मग लिहा. डोळे चांगले आहेत, गुडघे नाहीत. सुनेला आशीर्वाद. माया आटायची नाही, पण तुम्ही दोघं तिला फार राबवता.

आई


२६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आईनं तुला काय लिहिलं ते तिनं मला तोंडपाठ म्हणून दाखवलं, टपालात टाकून आल्यावर. त्यामुळे आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

मंगळवारी बाईंच्या खुर्चीचं पुढचं चाक गटाराच्या कडेला अडकलं आणि दांडीसकट मोडलं. शेजाऱ्यानं वेळेवर धरलं म्हणून लागलं नाही. हे मला कळलं तेव्हा, खरं सांगते, अर्धा क्षण मला आनंद झाला. बघा, मी म्हणत नव्हते का, असा. मग खुर्ची घेऊन त्यांचा भाचा कारखान्याच्या दारात उभा राहिला. बाई परत खाटेवर गेल्या आहेत म्हणाला. तेव्हा मला माझीच इतकी लाज वाटली की मी त्याला बसही म्हटलं नाही.

त्या आठवड्यात अशा एकोणीस निळ्या खुर्च्या आल्या. मोडल्या त्या सगळ्या त्याच दांडीशी. वेल्डर दोन दिवस त्यांच्याकडे नुसता बघत बसला. मग त्यानं बशीएवढी चाकं काढून टाकली, हातगाडीची रुंद चाकं बसवली आणि ती वीतभर पुढे नेली. आता खुर्ची गटारावरून बैलासारखी जाते. दिसायला भयंकर आहे. पण एक खुर्ची नव्यानं करायला आम्हाला तीन दिवस लागतात, ही दुरुस्ती दुपारभरात होते. माझ्या यादीत एकशे चाळीस माणसं आहेत आणि महिन्याला आमच्याकडून खुर्च्या होतात नऊ. हा हिशेब मी तुझ्या लेखाआधी कधी मांडला नव्हता. मांडायचं टाळत होते.

म्हणून तुझा लेख मला पटला असं समजू नकोस. सरपटण्याच्या वाक्याबद्दल मी काही लिहीत नाही. आईनं लिहिलं तेवढं पुरे.

आणखी एक. इथल्या वाचनालयाच्या सभागृहात पुढच्या महिन्याच्या अखेरीस जाहीर चर्चा ठेवली आहे. ‘परदेशी मदत: वर की शाप?’ शाळेतल्या निबंधासारखा विषय. तुमच्या संस्थेचा माणूस येणार आहे म्हणे. मला शापाच्या बाजूनं बोलायला बोलावलंय. वेल्डर म्हणतो की आधी दोन्ही बाजूंनी बोलून बघा, मग ठरवा. कोणाला पाठवतायत ते कळलं तर सांग, म्हणजे त्याच्यासाठी किती तिखट बोलायचं ते ठरवता येईल.

कळावे. माया आहे, पण या पत्रात फार दाखवत नाही.

तुझी,
ताई


८ मार्च

ती. ताईस व ती. आईस,
सा. न. वि. वि.

दोघींना एकत्रच लिहितो, कारण तसंही एकीचं पत्र दुसरी वाचते.

खरेदीचं काम वेगळं खातं बघतं, असं मी लिहिलं होतं. ते खोटं नाही, पण खरंही नाही. त्या खुर्च्या एका मोठ्या कंपनीनं दान दिल्या होत्या. कंटेनर भरून तयार होता, वर्ष संपत आलं होतं आणि कागद शेवटच्या सहीसाठी माझ्याकडे आला. त्यावर बारीक अक्षरात ‘फक्त घरातल्या वापरासाठी’ असं छापलेलं होतं. मी ते वाचलं. आपली गल्ली डोळ्यांपुढे आली. आणि मी सही केली, कारण थांबवलं असतं तर कंटेनर दुसऱ्या देशाला गेला असता आणि वर्षाच्या अहवालात आमच्या खात्यापुढे शून्य लागलं असतं. ताई, तू ‘तुला ठाऊक होतं का’ असं विचारलंस तेव्हापासून मला नीट जेवण गेलेलं नाही.

आई, ते वाक्य माझंच. दुसऱ्या कोणी घातलेलं नाही. असं वाक्य असलं की इथली माणसं मदत देतात, हे मला नोकरीत कळलं होतं, आणि लिहिताना हात आपोआप तिकडे गेला. बाबांची मी क्षमा मागितली आहे. तुझी समोर येऊन मागेन.

कारण चर्चेला पाठवायचा माणूस मीच. साहेबांना वाटतं, बहिणीसमोर भाऊ उभा राहिला तर पेपरवाल्यांना गोड वाटेल. मी हो म्हटलं. तिथे काय बोलणार ते साहेबांना सांगितलेलं नाही, कारण मलाही अजून माहीत नाही.

प्रश्न एवढाच, की घरी उतरू की संस्थेच्या पाहुणेघरात? संस्थेचं म्हणणं आहे की विरुद्ध बाजूच्या वक्त्याच्या घरी राहणं बरं दिसत नाही.

आहे तेवढा लोभ सांभाळून ठेवावा, मी घ्यायला येतो आहे.

तुमचा,
धाकटा

ता. क. – उत्तर तारेनं पाठवलं तरी चालेल.


२ एप्रिल

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझा नवरा सुखरूप आहे, घरीच उतरला, आणि आत्ता कारखान्यात जमिनीवर उताणा पडून एका खुर्चीचे नट काढतो आहे. तो स्वतः तुला चार ओळींत कळवेल आणि खरं काय ते त्यात नसेल, म्हणून मी लिहिते.

चर्चेला एवढी गर्दी झाली की खिडक्यांत माणसं बसली. सगळे कुस्ती बघायला आलेले. आधी एक प्राध्यापक बोलले, मदत म्हणजे गुलामी. मग एक वकील बोलले, मदत म्हणजे माणुसकी. दोघांनाही टाळ्या मिळाल्या, बहुतेक त्याच लोकांच्या. मग माझी दोघं उठायची होती. एक या टोकाला, एक त्या टोकाला. दोघंही बाबांसारखी नाक खाजवत होती.

तेवढ्यात शाळेच्या बाई मधल्या वाटेनं पुढे आल्या. निळी खुर्ची, पुढे हातगाडीची चाकं. अध्यक्षांनी सांगितलं की प्रश्न शेवटी घेतले जातील. बाईंनी सांगितलं की त्यांनी अध्यक्षांनाही तिसरीत शिकवलं आहे, तेव्हा खाली बसावं. ते बसले. मग त्यांनी तुझ्या नवऱ्याला विचारलं की खुर्ची पाठवण्याआधी माझ्या दाराची रुंदी विचारावीशी तुला का वाटली नाही. आणि तो तोंड उघडायच्या आत मोठीला विचारलं की तू दाराची रुंदी मोजून नेलीस, मग चौदा महिने परत का फिरकली नाहीस. दोघांनी आपापलं उत्तर द्यावं, दुसऱ्याचं नको, असंही बजावलं.

सूनबाई, धाकटा उठला आणि त्यानं सहीची सगळी हकीकत सांगितली. बारीक अक्षरं वाचली होती, हेही. पेपरवाले भराभर लिहीत होते. त्यांच्या संस्थेची एक बाई पहिल्या रांगेत होती, ती कपाळाला हात लावून बसली. मग मोठी उठली. तिनं आपली यादी सांगितली, एकशे चाळीस. नाही म्हणायला लाज वाटते म्हणून ती प्रत्येकाचं माप घेते आणि मग त्या घराची गल्ली टाळून जाते, असं तिनं भर सभेत सांगितलं. माझी मोठी. जिला मी कधी रडताना पाहिलं नाही. तेव्हाही रडली नाही, पण पाण्याचा पेला उचलला आणि न पिता तसाच ठेवला.

मग दोघं भांडली, बरं का. चांगली तासभर. पण आता ते भांडण दांडी कुठे मोडते आणि माप कोणी घ्यायचं यावर होतं. खिडकीतले बरेच लोक निराश होऊन उतरून गेले. जे थांबले, ते बहुतेक खुर्चीवरचे होते किंवा त्यांच्या घरचे. दोघंही अर्धवट बरोबर आहेत आणि तुझ्या नवऱ्याची नोकरी जाईल, असं न्हाव्याचं मत पडलं.

माझ्यासमोर येऊन तो काय म्हणाला ते मी लिहीत नाही. ते माझ्यापाशी राहू दे. एवढंच सांगते की नंतर तो पोटभर जेवला.

तू काळजी करू नकोस. नोकरी गेली तर दोघं इथे या, वेल्डरला मदतनीस हवाच आहे. खोकला परत आला तर गुळण्या कर. तुझा आमच्यावर जीव आहे तो तसाच असू दे, इकडे तर तो दुप्पट आहे.

तुझी,
सासूबाई


१९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी वाईट बातमी. सभागृहात कात्री चालली. खासदाराला हवी होती तेवढी नाही, पण चालली. एका लांबच्या देशातले बाळंतिणींचे दोन दवाखाने बंद होतील. ते तुझ्या पत्रामुळे झालं असं मी म्हणणार नाही. त्यांना कात्री चालवायचीच होती. पण तुझ्यापासून लपवणारही नाही. लपवण्याचा माझा कोटा संपला.

आता दुसरी. माझ्यावर चौकशी बसली. तीन तास आरडाओरडा झाला, त्यात निम्मा माझा होता. नोकरी राहिली, खुर्ची गेली, म्हणजे माझी फिरती खुर्ची आणि खिडकीची खोली. आता मी तळघरात खरेदीच्या खात्यात बसतो. माझी सही आता पहिली असते, शेवटची नाही. पहिलं काम म्हणून मी तुमच्या वेल्डरनं काढून दिलेलं हातगाडीच्या चाकांच्या खुर्चीचं चित्र मोठं करून भिंतीवर लावलं. इंजिनियर येऊन बघून जातात आणि असं साधं आपल्याला का सुचलं नाही म्हणून एकमेकांवर चिडतात. पुढच्या कंटेनरमधून खुर्च्या येणार नाहीत. बेअरिंग, नळ्या आणि टायर येतील, आणि पाचशे खुर्च्यांचं काम तुझ्यासारख्या चार कारखान्यांना मिळेल. अट एकच. माप घेतल्यापासून साठ दिवसांत खुर्ची घरी पोचली पाहिजे. ही अट मीच घातली. शिव्या मलाच दे.

तळघरात ऊब आहे. मोज्यांचा वाद मिटला.

आईला नमस्कार. तुझा राग, माया, जे काय शिल्लक असेल ते नेहमीच्या पत्त्यावर पाठवावं.

तुझा,
धाकटा


३० ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

साठ दिवसांबद्दलच्या शिव्या वेगळ्या कागदावर लिहिल्या होत्या, आईनं तो काढून घेतला. पण काम चाललंय. आम्ही आता अकराजण आहोत, महिन्याला सव्वीस खुर्च्या जातात. नळ्या चांगल्या आहेत, टायर मात्र पातळ. पुढच्या वेळी जाड पाठव, नाहीतर मी परत पेपरात लिहीन. ही धमकी नाही, सवय आहे. फुकट वाटपावरचं माझं मत बदललेलं नाही. तुझंही बदलू नकोस, नाहीतर न्हाव्याचं दुकान बंद पडेल.

त्या दोन दवाखान्यांचं मनातून जात नाही. त्या खासदाराला मी पत्र पाठवलं, की माझं पत्र वाचलंत तसं हेही सभागृहात वाचा. उत्तर आलं नाही. दर महिन्याला एक पाठवायचं ठरवलं आहे. टपालवाल्याला आता तो पत्ता पाठ झाला.

काल मात्र गंमत झाली. दुपारी तीन वाजता बाईंचा भाचा धावत आला. बाई घरात नाहीत. ओसरीवर नाहीत, गल्लीत नाहीत, शाळेतही नाहीत. आम्ही कारखाना बंद करून निघालो. वेल्डर त्याच्या खुर्चीवर सगळ्यांच्या पुढे. दवाखाना पाहिला, वाचनालय पाहिलं, स्टेशनपर्यंत माणूस पाठवला. आईनं टेलिफोनच्या खोलीतल्या जुन्या मैत्रिणींना कामाला लावलं. साडेपाचला बाई सापडल्या, गावाबाहेरच्या पुलाच्या मधोमध. चाकं चिखलानं भरलेली, तळहातांना फोड, आणि खाली पाण्याकडे बघत बसलेल्या. पुलापर्यंतचा चढ मला चालतानासुद्धा दम लागतो.

मी कठड्याकडे पळत सुटले. जवळ जाऊन विचारलं की बाई, इकडे काय काम होतं, कुणाला भेटायचं होतं, आम्हाला का नाही सांगितलं. त्या चांगल्याच चिडल्या. म्हणाल्या की दोन वर्षं जो तो विचारतो, बाई कुठे जायचंय, आम्ही नेतो. कुठेच जायचं नव्हतं. नुसतं जायचं होतं.

मग मी त्यांच्याशेजारी कठड्याला टेकून उभी राहिले. भाचा धापा टाकत आला, त्याला वेल्डरनं हातानंच थांब म्हणून खूण केली. हातांचा चिखल पदराला पुसून बाई म्हणाल्या, चला. मी ढकलायला हात पुढे केला, तर त्यांनी माझ्या मनगटावर चापटी मारली, पाढा चुकल्यावर मारायच्या तशी, आणि उतारावरून अशा सुटल्या की आम्ही सगळे ओरडत मागे.

तुझी,
ताई